१२६ मिलिमीटर

जर्मनीतल्या जुन्या रहिवासी इमारतींना तळघर असतं आणि तळघरात सायकली ठेवायची जागा. तिथल्या गर्दीत एखादी तरी सडपातळ पोलादी रेसिंग सायकल भिंतीला टेकून उभी असते: खाली वळलेलं हँडल, तिरक्या नळीवर गिअर बदलायच्या दोन छोट्या दांड्या, १९८० च्या आसपासचा झळाळता रंग. नाव प्यूजो असेल, न्यूर्नबर्गच्या हर्क्युलिसचं असेल, मोटोबेकान किंवा कोगा-मियाता असेल. नशीब जोरावर असेल तर डॉर्टमुंडच्या ह्यूगो रिकर्टने बांधलेली असेल. आखेन, श्टुटगार्ट, म्युनिकला शिकायला गेलेली मराठी मुलंमुलीही जुन्या बाजारातून अशी सायकल उचलतात, कारण ती स्वस्त असते, हलकी असते आणि पळते. तिची फ्रेम गंजापासून जपली तर आणखी कित्येक वर्षं जाईल. चाकांचं तसं नाही. ब्रेकच्या रबरांनी रिमच्या कडा खरवडल्या जातात, तारा तुटतात, हबमधल्या कोनांना खड्डे पडतात. मग दुकानात गेलं की उत्तर मिळतं, असं चाक आता येत नाही.

येतं. मात्र दुकानात जाण्याआधी पट्टी घेऊन सायकलजवळ बसावं लागतं. कारण चाक ही सुटी वस्तू नाही. ते फ्रेममध्ये मावलं पाहिजे, ब्रेकच्या रबराखाली आलं पाहिजे, गिअरची चक्रं पेललं पाहिजे आणि त्याच्यावर चढणारा टायर बाजारात असला पाहिजे. यातली एक गोष्ट हुकली तरी नवंकोरं चाक तळघरातच पडून राहतं.

पहिलं माप टायरवर छापलेलं असतं आणि नेमकी तिथेच पुष्कळांची फसगत होते. जर्मनीत सायकलचा टायर इंचांत ओळखायची जुनी सवय आहे. हा इंचाचा आकडा फुगवलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, तोही त्या काळच्या जाड टायरचा. पुढे टायर बारीक होत गेले, नावं तीच राहिली. म्हणून २८ × १ १/२ या टायरला ६३५ मिलिमीटरची रिम लागते आणि २८ × १ ५/८ × १ १/४ या टायरला ६२२ मिलिमीटरची, आणि दोन्हींना लोक '२८ इंची' म्हणतात. याहून चमत्कारिक म्हणजे २७ × १ १/४ हा टायर बसतो ६३० मिलिमीटरच्या रिमवर. म्हणजे २७ इंची रिम रेसिंग सायकलच्या २८ इंची रिमपेक्षा मोठी! आपल्याकडची साधी काळी ॲटलस किंवा हिरो सायकल ६३५ ची. तिचा टायर रेसिंग सायकलच्या ६२२ च्या रिमवर कधीच बसणार नाही, नावात २८ असलं तरी.

हा गोंधळ निस्तरण्यासाठी युरोपातल्या टायर आणि रिम उत्पादकांच्या तांत्रिक संघटनेने साधी जोडसंख्या ठरवली. ३२-६२२ असं लिहिलं असेल तर टायर ३२ मिलिमीटर रुंद आणि रिमवर जिथे तो बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवर ही संख्या असते. इंच वाचूच नयेत, हीच संख्या वाचावी. ६२२ आलं तर निश्चिंत व्हावं, कारण जगातल्या बहुतेक रेसिंग सायकली आज याच मापावर चालतात. ६३० आलं तर टायर अजून मिळतात, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. अशा वेळी ६२२ ची रिम घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यासात ८ मिलिमीटरचा फरक, म्हणजे ब्रेकचं रबर ४ मिलिमीटर खाली सरकवावं लागणार. ब्रेकच्या बाहूंना उभी खाच असते. रबर आत्ता त्या खाचेत किती वर आहे ते पाहायचं. खाली ४ मिलिमीटर जागा उरली असेल तर काम झालं. नसेल तर लांब बाहूंचे ब्रेक शोधावे लागतात.

आता दुसरं माप, आणि या प्रकरणाचं नाव त्याच्यावरूनच दिलं आहे. मागचं चाक काढायचं आणि फ्रेमच्या मागच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर आतल्या बाजूने मोजायचं. पुढच्या चाकाला ही भानगड नाही, रेसिंग सायकलला तिथे १०० मिलिमीटर अंतर वर्षानुवर्षं चालत आलं. मागे मात्र गिअरची चक्रं वाढत गेली तशी जागा वाढवावी लागली. मागे पाच चक्रं असताना १२० मिलिमीटर पुरायचे. सहा आणि सात चक्रांसाठी १२६ झाले. १९९० च्या सुमारास आठ चक्रं आली आणि आकडा १३० वर गेला. पुढे नऊ, दहा, अकरा चक्रं आली तरी ब्रेक रिमवर असेपर्यंत १३० तसेच राहिले. म्हणून १९८० च्या दशकातल्या पोलादी सायकलला बहुधा १२६ मिलिमीटर असतात आणि दुकानात टांगलेलं चाक १३० चं असतं. त्या ४ मिलिमीटरांपायी कितीतरी चांगल्या सायकली तळघरात अडकून पडल्या आहेत.

फ्रेम पोलादाची असेल तर यावर उपाय आहे. पोलाद थोडं वाकवलं की नव्या जागी राहतं. दोन्ही बाजू प्रत्येकी २ मिलिमीटर बाहेर घेतल्या की १२६ चे १३० होतात. हे काम जाणत्या माणसाने थंड अवस्थेत, पट्ट्या एकमेकींना समांतर आहेत की नाही हे तपासत करायचं असतं, कारण एकच बाजू वाकली तर चाक तिरकं बसतं. गिअरची साखळी हलवणारं यंत्र ज्या कानावर टांगलेलं असतं तो कानही नंतर सरळ करून घ्यावा लागतो. काही जण अंगठ्यांनी पट्ट्या ताणून १३० चं चाक तसंच आत घालतात. चालतं तेही, पण रस्त्यात पंक्चर झालं की पावसात ती झटापट नको होते. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमवर मात्र यातलं काहीच करू नये. त्या काळात ॲल्युमिनियमच्या नळ्या चिकटवून जोडलेल्या फ्रेमही निघत. त्या ताणल्या तर जोड सुटतो, आणि तो घरी उभ्या सायकलवर सुटेल की उतारावर, हे कुणी सांगू शकत नाही.

उलट दिशेनेही जाता येतं. कोन आणि छर्रे असलेल्या १३० च्या हबच्या डाव्या बाजूला पातळ कड्या असतात. त्यातल्या ४ मिलिमीटरच्या काढल्या, ॲक्सल तेवढा आखूड केला आणि रिम पुन्हा मधोमध आणली की तो हब १२६ मध्ये बसतो. पण यात मागच्या चाकाचा मूळचा अशक्तपणा वाढतो. उजवीकडे गिअरची चक्रं असल्यामुळे उजव्या तारा जवळजवळ उभ्या असतात आणि फार ताणाव्या लागतात, डाव्या तिरक्या असतात आणि सैल राहतात. डावीकडच्या कड्या काढल्या की ही तफावत आणखी वाढते. म्हणून वजनदार माणसाने किंवा सामान लादणाऱ्याने फ्रेम वाकवून घेणंच बरं.

तिसरा प्रश्न चक्रांच्या जोडणीचा. जुन्या हबला उजवीकडे बाहेरून आटे असतात आणि फ्रीव्हील त्यांच्यावर आवळून बसवतात. पॅडल मारावं तसं ते आणखी घट्ट होतं. या रचनेत उजवीकडचे छर्रे फार आत राहतात आणि ॲक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर येतो, म्हणून तो वाकतो, कधी तुटतोही. शिमानोने १९७८ मध्ये फ्रीव्हीलची यंत्रणा हबमध्येच घेतली आणि छर्रे बाहेरच्या टोकाला नेले. वरची चक्रं नुसती सरकवून बसवायची झाली. आजची बहुतेक गिअरची चाकं याच वंशाची आहेत. आपल्या सायकलला कुठली रचना आहे ते ओळखल्याशिवाय चाक विकत घेऊ नये. आठ चक्रांच्या जमान्यातल्या हबवर ४.५ मिलिमीटरची कडी घातली तर सात चक्रांचा संच बसतो, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुनी गिअरची दांडी त्यामुळे तशीच चालू राहते.

आट्यांचा हब ठेवायचा असेल तर आटे कुठल्या देशाचे ते पाहावं. इंग्लिश आणि इटालियन आटे इतके जवळचे की बहुतेक वेळा एकमेकांवर चालून जातात. फ्रेंच आटे ३४.७ मिलिमीटर व्यासाचे आणि वेगळ्या अंतराचे. जर्मनीत प्यूजो आणि मोटोबेकान भरपूर आल्या, त्यामुळे हा धोका इथे खरा आहे. फ्रेंच हबवर इंग्लिश फ्रीव्हील चढतं, पण सैल बसतं आणि चढावर जोर लावला की आटे सोलून निघतात. फ्रेंचांचीच आणखी एक देणगी म्हणजे मायार कंपनीचा हेलिकोमॅटिक हब. १९८० च्या सुरुवातीच्या प्यूजोंवर तो हमखास दिसतो. त्याच्यावर फ्रीव्हील मळसूत्री खाचांवर सरकत बसतं, सुरेख कल्पना होती. पण त्या खाचांसाठी जागा काढताना उजवीकडे बारीक छर्रे घालावे लागले, ते लवकर झिजले, आणि सुटे भाग बनणं कधीच थांबलं. अशा हबवर खर्च करू नये. त्याच्या रिमवर, तारांवरही नाही.

बाकी चांगल्या हबबद्दल मला अगदी उलट वाटतं, आणि त्यासाठी बव्हेरियातल्या श्वाइनफुर्ट या गावाकडे जायला हवं. याच गावात फ्रीडरिश फिशरने १८८३ मध्ये पोलादी छर्रे अचूक गोल घासणारं यंत्र बनवलं. एर्न्स्ट साक्स हा स्वतः शर्यतींत धावणारा सायकलपटू. त्याने हबवर काम केलं आणि १८९५ मध्ये कार्ल फिश्टेलबरोबर कारखाना काढला. १९०३ मध्ये त्यांचा टॉर्पेडो हब आला, उलट पॅडल मारलं की सायकल थांबवणारा, आणि जर्मनीतल्या साध्या सायकलचं ते जणू अंगच बनलं. याच कंपनीने पुढे फ्रान्समधल्या हूरे आणि मायार या कंपन्या आपल्यात घेतल्या, म्हणून १९८० च्या दशकातल्या जर्मन रेसिंग सायकलच्या हबवर साक्स हे नाव दिसतं. १९९७ मध्ये तिचा सायकल विभाग अमेरिकेच्या एस्रॅमने विकत घेतला. पण त्या काळच्या साक्स, कॅम्पाग्नोलो किंवा शिमानो हबचा कोन सुटा निघतो, छर्रे सुटे निघतात. जुनं वंगण पुसून नवे छर्रे आणि नवं ग्रीस घातलं, कोन नीट आवळले, की हब पुन्हा नव्यासारखा फिरतो. ॲल्युमिनियमच्या रिमचं तसं नाही. ती ब्रेकबरोबर झिजते, हे तिचं कामच आहे. बोट फिरवलं आणि कड आत खोलगट लागली तर तिचे दिवस भरले; पातळ झालेली कड टायरमधल्या हवेच्या दाबाने एक दिवस फुटते.

म्हणून जुन्या चाकातला हब जपावा आणि रिम बदलावी, हा माझा सल्ला. एका फटक्यात निम्मे प्रश्न संपतात: रुंदी तीच, आटे तेच, गिअर तेच. फक्त हबला जितकी भोकं तितक्याच भोकांची रिम हवी. जुन्या हबला बहुधा ३६ भोकं असतात. ३६ भोकांची, रिमवर ब्रेक लागेल अशी रिम आजही निघते, कारण प्रवासी सायकलवाल्यांना ती लागते. रिम पोलादी आणि क्रोम चढवलेली असेल तर ती बदलायला आणखी एक कारण आहे. ओल्या क्रोमवर ब्रेकचं रबर घसरतं, सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. हँबर्गसारख्या ठिकाणी, जिथे बाराही महिने पाऊस येऊ शकतो, अशा रिमवर रोज फिरणं मला धोक्याचं वाटतं.

नवं चाक बांधणं हे हाताचं काम आहे. तारेची लांबी हब आणि रिमच्या मापांवरून काढतात आणि ती २ मिलिमीटरने जरी चुकली तरी तार रिमला आवळणारं निप्पल नीट धरत नाही. मागच्या चाकात डाव्या आणि उजव्या तारांची लांबी वेगळी असते. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक तार रिमपर्यंत जाताना त्याच बाजूच्या तीन तारांना छेदते. मग आवळणं सुरू होतं: थोडं थोडं, सगळीकडून सारखं, जसा बाज विणताना कुणी एकच दोर खेचत बसत नाही. चांगल्या चाकात उजव्या तारांवर शंभर ते सव्वाशे किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. अमेरिकन अभियंता जोब्स्ट ब्रांट याने १९८१ मध्ये चाकावर पुस्तक लिहिलं आणि त्यात हिशेब करून दाखवलं की सायकलवर माणूस बसतो तेव्हा वरच्या तारांवरचा ताण जवळजवळ तसाच राहतो. बदलतो तो जमिनीलगतच्या चार-पाच तारांचा, आणि तोही कमी होतो. तार सैल पडेपर्यंत चाक भार उचलतं. म्हणजे मुळात भरपूर ताण दिलेलं चाक मजबूत, आणि सैल बांधलेल्या चाकाच्या तारा हबजवळच्या वळणावर वाकत राहून शेवटी तुटतात. पुण्या-सांगलीतल्या कोपऱ्यावरचा सायकलवाला काही मिनिटांत आउट काढून देतो ते डोळ्यांनी आणि बोटांनी. जर्मन कार्यशाळेत त्याच कामाला लोखंडी स्टँड, डायलचं माप आणि ताण मोजणारं यंत्र असतं. चांगल्या हातात दोन्ही पद्धती उत्तम चाक देतात, पण इथे कारागिराच्या तासाचा दर मोठा असल्यामुळे चाक बांधायची मजुरी कधी कधी सगळ्या सायकलच्या किमतीपुढे जाते.

तो खर्च वाचवायचा मार्गही जर्मनीत आहे. अनेक विद्यापीठांत विद्यार्थी संघटना स्वतः दुरुस्ती करायच्या कार्यशाळा चालवतात. १९७९ मध्ये ब्रेमेनला स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघाच्या काही स्थानिक शाखाही त्या चालवतात. तिथे स्टँड मिळतो, हत्यारं मिळतात, आणि शेजारी उभं राहून शिकवणारा एखादा निवृत्त कारागीर भेटतो. पहिलं चाक तिथेच बांधावं. सायकलचं समोरचं चाक बांधत असाल तर त्यात डायनॅमो असलेला हब घालावा. ट्यूबिंगेनच्या श्मिट कंपनीचे असे हब या कामात नावाजलेले आहेत. २०१३ पासून कायद्याने बॅटरीचे दिवे चालतात खरे, पण उत्तर युरोपातल्या डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडतो आणि बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

तयार जुनं चाक शोधायचं असेल तर क्लाइनआनत्साइगेन या जाहिरातींच्या ठिकाणी 'लाउफराड', 'श्राउबक्रान्त्स' आणि 'आइनबाउब्राइटे १२६' असे शब्द टाकून पाहावं: चाक, आट्यांची चक्रं, बसण्याची रुंदी. रविवारचे जुने बाजार, वसंत ऋतूतल्या सायकल जत्रा, पालिकेच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंचे लिलाव हेही बघण्यासारखे. कित्येकदा एका चाकाच्या किमतीत फ्रेम मोडलेली अख्खी सायकलच मिळते आणि तिचे हब, ब्रेक, सीट सगळं कामी येतं. विकत घेण्याआधी ॲक्सल दोन बोटांत धरून हळू फिरवावा. वाळू असल्यासारखं खरखरलं तर कोन गेले. हबच्या कडेला तारांच्या भोकांपाशी केसासारखी भेग दिसली तर चाक तिथेच ठेवावं, मग ते फुकट मिळत असलं तरी.

पूर्वेकडच्या सायकलींचं प्रकरण थोडं वेगळं. केम्निट्सच्या डायमंट कारखान्याच्या रेसिंग सायकलवर गुस्टाव्ह-आडोल्फ शूर, म्हणजे पूर्व जर्मनीचा लाडका टेवे, धावला. १९५५ आणि १९५९ ची शांतता-शर्यत त्याने जिंकली, १९५८ आणि १९५९ ला तो हौशी गटाचा जगज्जेता झाला. त्या देशात हब राइखेनबाखच्या रेनाक कारखान्यात बनत आणि शर्यतीच्या सायकलींना रिमवर चिकटवायचे, आतून शिवलेले नळीसारखे टायर असत. अशी रिम हाती आली तर तिच्यावर साधा टायर चढवण्याचा प्रयत्न करू नये. तिला टायरची कड धरायला ओठच नसतो. डिंकाने टायर चिकटवण्याची तयारी नसेल तर ६२२ ची साधी रिम त्याच हबवर बांधावी. या बदलात ब्रेकचं रबर हलवावं लागत नाही, कारण दोन्ही रिमची ब्रेकची कड जवळजवळ एकाच उंचीवर येते.

हे सगळं करायचं असेल तर फार थांबू नये. व्यावसायिक शर्यतींत २०१८ मध्ये डिस्क ब्रेकला कायमची परवानगी मिळाली आणि तेव्हापासून नवी चाकं डिस्कसाठी, १४२ मिलिमीटर रुंदीची आणि जाड आरपार ॲक्सलची निघत आहेत. ती जुन्या फ्रेमला कुठल्याच युक्तीने बसत नाहीत. ब्रेकची कड असलेल्या रिमच्या याद्या दरवर्षी आखूड होत आहेत. आत्ता मिळते आहे तोवर आपल्या हबच्या भोकांची एक जादा रिम घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

चाक बसलं की साखळी सगळ्या चक्रांवरून फिरवून पाहावी. पुढची मोठी आणि मागची सगळ्यात मोठी चक्रं एकत्र लावून साखळी पुरते का ते बघावं. ब्रेकचं रबर टायरला घासत नाही ना, हे दोन्ही बाजूंनी वाकून तपासावं, कारण घासलं तर टायर काही किलोमीटरांतच फाटतो. नव्या तारा पहिल्या काही फेऱ्यांत आपापल्या जागी बसतात आणि ताण थोडा उतरतो. त्यानंतर चाक पुन्हा स्टँडवर चढवून तारा एकदा आवळून घ्याव्यात.